अडलेली कथा पुढे कशी न्यायची: निदानापासून शेवटच्या ओळीपर्यंत

कथा चौथ्या पानावर थांबते. दोन-चार दिवस वाट पाहून होते, मग कोरं पान घेऊन दुसऱ्याच कथेला सुरुवात होते, आणि तीही चौथ्या-पाचव्या पानावर बसकण मारते. दिवाळी अंकाला कथा द्यायचं कबूल करून बसलेल्यांचं पावसाळ्यात हमखास हे होतं. कपाटात आठ सुरुवाती, आणि संपादकाला पाठवायला एकही पूर्ण कथा नाही.

बहुतेकांची चूक उपायांच्या क्रमात असते. कथेतला एखादा निर्णय फसलेला असताना ते नवा विषय शोधायला निघतात. विषय संपलेला असताना रोज पहाटे उठून बसण्याची शिस्त लावून घेतात. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी पहिल्या तीन कोणीही चुकवू नयेत. त्यानंतर आपल्याला लागू असेल तीच पायरी घ्यावी.

१. अडलं कुठे ते शोधा (वेळ: १० मिनिटं)

एक कोरा कागद घ्या. अडलेली कथा समोर न ठेवता, आठवणीतून तीन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकी एका ओळीत लिहा.

– कोणाला काय हवं आहे?
– ते आजच का हवं आहे? मागच्या वर्षी का नाही?
– आड कोण किंवा काय येतं आहे?

पहिल्याच प्रश्नाला पेन थांबलं तर तुमच्याकडे अजून कथा नाही, फक्त वातावरण आहे. पाऊस, जुना वाडा, एकटी म्हातारी. अशांनी तिसरी पायरी करून थेट सहावीवर जावं. पहिलं उत्तर आलं, पण दुसरं किंवा तिसरं आलं नाही, तर कथा मधोमध अडली आहे आणि दोष मागच्या पानांत आहे. चौथी पायरी तुमच्यासाठी. तिन्ही उत्तरं धडाधड आली, पण पात्र ज्या ठिकाणी जाणार तिथलं कामकाज तुम्हाला ठाऊक नाही, तर पाचवी. सगळं ठाऊक आहे, फक्त कुठे संपवावं कळत नाही, तर सातवी. आणि सगळं ठाऊक असूनही टेबलाशी बसवत नसेल, तर दुसरी आणि तिसरी पायरी सात दिवस करा, बाकी काही नको.

सावध: लिहिण्यातलाच नव्हे, तर जेवणातला, माणसांतला, आवडत्या गाण्यांतलासुद्धा रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला असेल, झोप बिघडली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. त्याला लेखनाचे व्यायाम पुरे पडत नाहीत.

२. तयारी: कागद, वेळ, फोन

अडलेल्या कथेसाठी बांधीव वही वापरू नका. वहीत पान फाडायला मन होत नाही, प्रसंगांचा क्रम बदलता येत नाही. सुटे फुलस्केप कागद घ्या, एकाच बाजूला लिहा, वरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा घाला. संगणकावर लिहीत असाल तर अडलेल्या मजकुराची प्रत छापून घ्या. पडद्यावर वाचताना नजर एकाच परिच्छेदावर खिळते आणि आपण तो पॉलिश करत बसतो.

फोन दुसऱ्या खोलीत. ‘सायलेंट’वर टेबलावर ठेवलेला चालणार नाही. वेळ लावायला साधं गजराचं घड्याळ किंवा स्वयंपाकघरातला टायमर घ्या. फोनवर वेळ लावली की फोन परत हातात येतो.

वेळ: रोज १५ मिनिटं, सलग सात दिवस, शक्यतो त्याच वेळी. घरात सगळे उठायच्या आधी, दुपारची भांडी झाल्यावर, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की, काहीही चालेल. ‘रविवारी चार तास मिळतील तेव्हा बसेन’ हा बेत मात्र सोडून द्या. त्या चार तासांकडून अपेक्षा इतकी वाढते की पहिलाच तास धास्तीत जातो आणि दुपारी पाहुणे येतात.

३. हात मोकळा करा (७ दिवस, रोज १५ मिनिटं)

कथा पुढे ढकलायची नाही. कथेच्या आजूबाजूचं लिहायचं. पहिल्या दिवशी मुख्य पात्राने न पाठवलेलं पत्र. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरातल्या एका फडताळातल्या सगळ्या वस्तू. तिसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल शेजारीण काय बोलते ते, तिच्याच शब्दांत. पुढचे दिवस याच धर्तीवर तुम्ही ठरवा.

नियम तीन. पेन उचलायचं नाही. सुचलं नाही तर शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा. मागे वळून वाचायचं नाही. आणि शिरोरेघ द्यायची नाही. हा तिसरा नियम क्षुल्लक वाटतो, पण करून पाहा. रेघ ओढायला हात मागे जातो, हाताबरोबर डोळा मागे जातो, डोळ्याला ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसते आणि लिहिणाऱ्याचा मुद्रितशोधक होतो. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यात बघायचं असतं.

हाताने लिहिताना १५ मिनिटांत सव्वाशे ते दोनशे शब्द होतात. कमी झाले तर तुम्ही मनात वाक्यं जुळवून मग उतरवताय.

बोलून लिहिणाऱ्यांसाठी: फोनवरचं आवाजी टंकलेखन बोलीतल्या शब्दांच्या जागी बऱ्याचदा प्रमाण मराठी शब्द बसवतं. वऱ्हाडीतलं ‘काहून’ (म्हणजे ‘का’) म्हणालात तर भलतंच काही उमटेल. त्यापेक्षा साधं ध्वनिमुद्रण करा आणि नंतर ऐकून उतरवा.

तपासा: सातव्या दिवशी सगळी पानं एकदम वाचा आणि स्वतःलाच आश्चर्य वाटलेली वाक्यं अधोरेखित करा. तीन मिळाली तरी पुष्कळ. एकही नसेल तर सातही दिवस तुम्ही आधीच ठाऊक असलेलं लिहिलंत. आणखी तीन दिवस करा, या वेळी मुख्य पात्राला न आवडणाऱ्या माणसाच्या तोंडून.

४. मधोमध अडलेली कथा: मागे जा

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रकार, आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपाय इथेच होतात. कथा जिथे थांबली तिथे दोष क्वचितच असतो. तो साधारण एक-दोन पानं आधी असतो. तिथे घेतलेला एखादा सोयीचा निर्णय पुढची वाट बंद करून टाकतो.

एक उदाहरण घेऊ. सुमन पुण्याहून गावी निघाली आहे. वडील वारले, भावाने हक्कसोडपत्रावर, म्हणजे वडिलांच्या मिळकतीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करायला बोलावलं आहे. पहिली तीन पानं एसटीच्या प्रवासात आणि लहानपणाच्या आठवणीत जातात. चौथ्या पानावर ती घरी पोचते, वहिनी चहा देते, आणि कथा थांबते.

पहिलं काम: सुरुवातीपासून मोठ्याने वाचा. हातात पेन्सिल ठेवा. आवाज सपाट होतो, वाचण्याचा वेग आपोआप वाढतो, तिथे समासात रेघ मारा. वाक्य बदलायचं नाही. सुमनच्या कथेत अशी रेघ दुसऱ्या पानावर पडते: ‘तिने मनोमन ठरवून टाकलं होतं, सही करायची आणि मोकळं व्हायचं.’

दुसरं काम: प्रत्येक प्रसंग एका ओळीत, एकाखाली एक लिहा आणि दोन ओळींच्या मध्ये जोडशब्द घाला. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत असेल तर ठीक. फक्त ‘आणि मग’ बसत असेल तर त्या दोन प्रसंगांत कार्यकारण नाही. सुमन एसटीत बसते, आणि मग आठवणी येतात, आणि मग उतरते, आणि मग चहा. चार प्रसंग आणि एकही ‘पण’ नाही.

तिसरं काम: फसलेला निर्णय नेमका ठरवा. तो बहुधा यांपैकी एक असतो. पात्राने मनाशी सगळं आधीच ठरवलेलं आहे. आड येणारं माणूस दुबळं किंवा निव्वळ दुष्ट आहे, त्यामुळे त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरत नाही. कथा फार आधी सुरू झाली आहे. किंवा निवेदन चुकीच्या माणसाकडे आहे. ‘मी’ म्हणून बोलणाऱ्या पात्राला सगळं कळलेलं असेल तर वाचकाने कशाची वाट पाहायची? सुमनच्या बाबतीत पहिला आणि तिसरा असे दोन दोष एकत्र आहेत.

चौथं काम: त्या एकाच जागेचे तीन पर्याय लिहा, प्रत्येकी दीडशे शब्द. पूर्ण कथा नव्याने लिहायला घेऊ नका. तसं केलं की पुन्हा चौथ्या पानावर थकाल. सुमनसाठी पर्याय असे होऊ शकतात. (क) ती सही न करायच्या तयारीने आली आहे, पण भाऊ तिला आधी वडिलांच्या आजारपणाच्या खर्चाची वही दाखवतो. (ख) कथा थेट दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे दस्त नोंदवायच्या, कार्यालयाबाहेरच्या बाकावर सुरू होते, नंबर लागायला अजून दोन तास आहेत. (ग) निवेदन वहिनीचं आहे, आणि स्वतःच्या माहेरी तिने कधीच सही करून दिलेली आहे.

(ग) वाचताच कथेत जीव येतो, कारण चहा देणाऱ्या बाईलाही आता काहीतरी लपवायचं आहे. पर्याय निवडताना हीच कसोटी लावा: कोणत्या पर्यायात जास्तीत जास्त पात्रांना काही गमवावं लागतं?

आणखी एक अडथळा नेहमी नजरेतून सुटतो, तो भाषेचा. वऱ्हाडातला शेतकरी प्रमाण मराठीत बोलायला लागला की दोन पानांत मुका होतो, कारण लेखकालाच तो ऐकू येईनासा होतो. ‘का’च्या जागी ‘काहून’ किंवा मालवणीतलं ‘कित्याक’ येऊ द्या आणि संवाद परत लिहून पाहा. बोली अंगवळणी नसेल तर तिचं सोंग आणू नका. ती बोलणाऱ्या माणसाशी तासभर गप्पा मारा आणि शब्दांपेक्षा वाक्याची चाल टिपा. परदेशात राहणाऱ्यांनी गावाकडच्या मावशी-काकांना फोन लावून एखाद्या भांडणाची हकीकत विचारावी. ख्यालीखुशालीच्या गप्पांत माणसं पाहुण्यासारखी बोलतात, भांडण सांगताना बोली उसळून येते.

सावध: काढलेली पानं फाडू नका, खोडू नका. एका लिफाफ्यात तारीख घालून ठेवा. लिफाफा आहे म्हटलं की कापायला हात धजावतो.

५. माहिती नसल्याने अडलं असेल तर

लेखक याला बऱ्याचदा ‘सुचत नाही’ म्हणतात. खरं तर सुमन कार्यालयात गेल्यावर काय घडतं हेच ठाऊक नसतं, म्हणून तिला पाय उचलता येत नाही. तीनच प्रश्न लिहा आणि तेवढ्याचीच उत्तरं मिळवा: आत कोणकोण असतं? सहीव्यतिरिक्त काय करावं लागतं? सही झाल्यावर गोष्ट तिथेच संपते का?

उत्तरं कथा कशी हलवतात ते पाहा. दस्त नोंदवताना सहीबरोबर अंगठ्याचा ठसा आणि कॅमेऱ्यासमोर फोटो घेतला जातो, आणि ओळख पटवायला सहसा माणसं सोबत लागतात. म्हणजे सुमनला ओळखणारी दोन माणसं गावातून यावी लागणार. ती कोण? आणि नोंदणीने सगळं संपत नाही. पुढे गावदप्तरात फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरला जातो, त्याची नोटीस निघते, हरकत घ्यायला १५ दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे कळल्याबरोबर कथेला सहीनंतरचे १५ दिवस मिळतात. सही केलेली बाई पुण्यात परत आली आहे आणि रोज तारीख मोजते आहे. ही कल्पना टेबलाशी बसून सुचली नसती.

मर्यादा पाळा. एक भेट किंवा दोन तास, त्यापुढे माहिती गोळा करणं हा न लिहिण्याचा बहाणा होतो. आणि मिळालेल्या माहितीतलं फार तर एक दशांश कथेत येऊ द्या. कलमं आणि नमुन्यांचे क्रमांक घातलेत की कथेचं अर्जात रूपांतर होतं.

६. विषयच नसेल तर: कच्चा माल जमवा (१४ दिवस)

‘प्रेरणा’ शोधायला निघालेला माणूस निसर्गरम्य ठिकाणी जातो आणि सूर्यास्ताचं वर्णन घेऊन परततो. कथेला लागतं ते माणसांमधलं अडलेलं काम, आणि ते कागदोपत्री आणि रांगांमध्ये सापडतं.

खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. रोज पाच नोंदी, प्रत्येकी फार तर दोन ओळी. पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहा. मत, उपमा, भावना लिहू नका. ‘खिन्न चेहऱ्याची बाई’ ही नोंद निकामी आहे. ‘एसटीत बाईने दोन तिकिटं काढली, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली, कोणाला बसू दिलं नाही’ ही नोंद सहा महिन्यांनीही कामाला येते.

कुठे पाहायचं:

वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ने सुरू होणाऱ्या मजकुरात मुलाशी संबंध तोडल्याच्या घोषणा असतात, गहाळ कागद असतात, मिळकतीवर अचानक उगवलेले हक्क असतात. नावबदलाच्या छोट्या जाहिरातीही वाचा. पन्नाशीतला माणूस नाव का बदलतो?

सातबारा. स्वतःच्या घरचा घ्या. वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना ७ मध्ये, नावं आणि ‘इतर हक्क’ बघा. खालच्या नमुना १२ मध्ये पिकांची नोंद. कोणाचं नाव कंस करून कमी झालं, कोणत्या फेरफाराने, आणि घरात त्याबद्दल कोणीच कसं बोलत नाही?

लग्नपत्रिका. निमंत्रकांत कोणाचं नाव आहे हे सगळे बघतात. तुम्ही कोणाचं नाही ते बघा.

घरातल्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या. हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित खजिना आहे. दर महिन्याला एकाच नावापुढे लिहिलेले पंधरा रुपये, आणि एका महिन्यापासून ते बंद. इतकं पुरतं.

शब्दकोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश कुठेही उघडा. आज वापरात नसलेला एक शब्द निवडा आणि तो अजूनही रोज वापरणारं माणूस कोण असेल ते दहा ओळींत लिहा.

आठव्या दिवसापासून जोडणी सुरू करा. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन नोंदी उचला आणि विचारा: या दोन्ही एकाच घरात घडल्या तर? पंधरा रुपये बंद झालेली वही आणि पिशवीसाठी तिकीट काढणारी बाई एका घरात आणून पाहा. दिवसाला एक जोडी, तीन-चार ओळी. सात जोड्यांपैकी पाच निष्फळ जातील. तेवढं गृहीतच धरा.

सावध: बातमी जशीच्या तशी कथा म्हणून घेऊ नका. तिचा शेवट आधीच ठरलेला असतो आणि तुमची लेखणी त्याच्यामागे फरफटते. शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून पात्र उभं करत असाल तर नाव बदलून भागत नाही. व्यवसाय, गाव आणि नात्यांची रचना या तिन्ही गोष्टी बदला. माणूस ओळखू आला तर त्याला दुखापत होते, आणि ती होईल या भीतीने तुम्हीही अर्धवटच लिहिता.

तपासा: चौदाव्या दिवशी हाती आलेल्या जोडीला पहिल्या पायरीतले तीन प्रश्न विचारा. उत्तरं आली तरच कथा सुरू करा.

७. शेवट सापडत नसेल तर

आधी बघा, शेवट मागेच होऊन गेलाय का. शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि वाचा. मग शेवटचे दोन झाका. अनेकदा कथा पाऊण पान आधीच संपलेली असते आणि पुढे लेखक वाचकाला अर्थ समजावत बसलेला असतो.

तसं नसेल तर असं विचारा: या माणसाने आज असं काय केलं जे उद्या परत घेता येणार नाही? ती कृती दाखवा, तिच्यावरचं भाष्य गाळा. सुमनच्या कथेत सोळाव्या दिवशी ती तारीख मोजायचं थांबवते आणि वहिनीला फोन लावते. काय बोलते हे लिहायलाच हवं असं नाही.

अचानक मृत्यू, स्वप्नातून जाग, सगळं उलगडणारं जुनं पत्र आणि अपघाताची बातमी आणणारा फोन: या चारपैकी काही सुचलं तर चौथ्या पायरीवर परत जा. हे शेवट तेव्हाच सुचतात जेव्हा मधली गाठ सैल राहिलेली असते.

८. रोज कुठे थांबायचं, आणि तारखेचं गणित

प्रसंग संपवून उठू नका. पुढचं वाक्य ठाऊक असताना, संवादाच्या मध्यात थांबा, आणि पानाच्या तळाशी पुढच्या दोन गोष्टी तुटक शब्दांत लिहून ठेवा: ‘वहिनी कप उचलते. वही कोणाची, विचारते.’ दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट उरत नाही.

संपादकाने दिलेल्या तारखेपासून मागे मोजा. तीन ते चार हजार शब्दांच्या कथेला पहिल्या खर्ड्यासाठी रोज ३०० शब्दांप्रमाणे साधारण १२ दिवस धरा. त्यानंतर पाच दिवस कथा बंद करून ठेवायची, अजिबात उघडायची नाही. मग चार दिवस दुरुस्ती, दोन दिवस शुद्धलेखन आणि टंकन, आणि चार दिवस राखीव, कारण घरात कोणी ना कोणी आजारी पडतंच. झाले २७ दिवस. हाताशी तितके नसतील तर बंद ठेवण्याचे पाच दिवस कमी करू नका, कथेची लांबी कमी करा.

दुरुस्तीच्या आधी एकाच वाचकाला खर्डा द्या. ‘कशी वाटली?’ असं विचारलंत तर ‘छान आहे’ हेच उत्तर येणार. त्याच्या हातात पेन्सिल द्या आणि एवढंच सांगा: जिथे मन भरकटलं तिथे समासात रेघ मार, कारण सांगू नकोस. त्या रेघा तुमच्या रेघांशी ताडून पाहा. दोन्ही एका जागी पडल्या असतील तर दुरुस्ती तिथूनच सुरू करा.